जंगल सत्याग्रहातील नावांची पडताळणी: नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या, डोंगराला लागून असलेल्या एका गावाचे आहे. गावाचे व माणसांचे नाव जाणूनबुजून दिलेले नाही. गावाला १९३० च्या जंगल सत्याग्रहात भाग घेतलेल्यांच्या नावांचा शिलाफलक उभारायचा होता. ग्रामपंचायतीने नावांची यादी केली आणि तपासणीसाठी नाशिकमधल्या इतिहास अभ्यासकांच्या एका छोट्या गटाकडे दिली. तिथून पुढे काय झाले, कुठे अडले आणि कोणते निर्णय घ्यावे लागले, याची ही मांडणी. असे काम हाती घेणाऱ्या गावांना, शाळांना आणि वाचनालयांना ती उपयोगी पडावी.

पार्श्वभूमी

१२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेली दांडीयात्रा ५ एप्रिलला समुद्रावर पोचली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. नाशिक जिल्ह्याला मात्र समुद्र नाही. इथले स्वयंसेवक किनाऱ्यावर जाऊन सामील होऊ शकत होते, पण गावच्या गाव मिठासाठी उठणे शक्य नव्हते. शिवाय पावसाळा लागला की मीठ तयार करता येत नाही. म्हणून जून-जुलैपासून महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात जंगलाचा कायदा मोडण्याचा मार्ग पुढे आला. १० जुलै १९३० ला लोकनायक अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून अटक करून घेतली. नाशिक जिल्ह्यात बागलाण भागात जंगल सत्याग्रहाने जोर धरला.

हा मार्ग डोंगरातल्या माणसाला लगेच कळला, कारण त्याचा रोजचा जाच जंगल खात्याशीच होता. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलाची हद्द गावाच्या शिवाराला येऊन भिडली होती. चराईला पैसे, लाकडाला परवाना, हद्दीचा दगड ओलांडला की जनावर कोंडवाड्यात. १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. सत्याग्रहाची कृती साधी होती: ठरल्या दिवशी जमावाने हद्दीत जायचे, विळ्याने गवत कापायचे, भारा डोक्यावर घेऊन उघडपणे बाहेर यायचे, अडवले तर पळायचे नाही.

काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना गवतावरच थांबायचे होते. लोक तिथे थांबले नाहीत. अनेक ठिकाणी गुरे आत सोडली गेली, काही ठिकाणी सागावर कुऱ्हाड चालली. फलकावर कुणाचे नाव घालायचे हा प्रश्न पुढे याच फरकातून निघाला.

पेच

ग्रामपंचायतीच्या यादीत ४७ नावे होती. घरोघर विचारून ती गोळा केलेली होती. तिच्यावर तीन आक्षेप आले. एका वाडीचे म्हणणे होते की दुसऱ्या वाडीने आपल्या भावकीची नावे घुसडली. शेजारच्या पाड्यांवरच्या कोकणा आदिवासी कुटुंबांचे एकही नाव नव्हते, आणि राखीव जंगल तर त्या पाड्यांच्या दारात होते. तिसरा आक्षेप एका निवृत्त शिक्षकांचा: गावात स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन तिघांनाच होते, मग ४७ कुठून आले?

तिसरा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या मापावर उभा आहे. केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिची मुख्य अट किमान सहा महिने तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती पुढे, १९८० पासून, तीन महिने झाली. जंगल सत्याग्रहात ज्यांना दोन-तीन महिन्यांची शिक्षा झाली किंवा नुसता दंड झाला, ते बहुतेक या अटीबाहेरच राहिले. ज्यांना तीन महिन्यांची सवलत लागू होती त्या पाड्यांवर योजनेची माहिती पोचली नव्हती. त्यातच ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर अहिंसक सत्याग्रही मुदतीआधी सुटले. ऑक्टोबर १९३० मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झालेला माणूस प्रत्यक्षात पाच महिन्यांच्या आसपासच आत राहिला. निवृत्तिवेतनाची यादी म्हणजे चळवळीतल्या माणसांची यादी असे धरले, तर जनआंदोलनाचे जनच गळून जातात.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग: फक्त शिक्षेचा कागद असलेली नावे घ्यायची. वाद मिटतो, पण कुणाची नोंद ठेवायची हे १९३० च्या फौजदाराने ठरवले तेच आपण दगडावर कायम करतो. दुसरा मार्ग: ग्रामसभेने मान्य केलेली सगळी नावे घ्यायची. काम आठवड्यात संपते. पण ज्याची भावकी मोठी त्याची नावे जास्त, आणि ज्यांचे वारस कामासाठी बाहेर पडले त्यांची शून्य. तिसरा: नावे न घालता गावाचा एकत्रित उल्लेख करायचा. हा मार्ग सोपा आणि काही अंशी न्याय्यही आहे, पण सत्याग्रहींच्या नातवंडांना तो मान्य नव्हता. त्यांचा हट्ट रास्त होता असे आमचे मत आहे.

गटाने चौथा मार्ग सुचवला. प्रत्येक नावापुढे पुराव्याचा प्रकार लिहायचा. किमान एक समकालीन कागद असलेली नावे दगडावर कोरायची. केवळ तोंडी आधार असलेली नावे शाळेत ठेवायच्या जाड नोंदवहीत सविस्तर लिहायची. आणि नोंदवहीतले नाव पुढे कागद मिळताच कोरता यावे म्हणून दगडाचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवायचा.

यासाठी १५ ऑगस्टचा ठरलेला मुहूर्त सोडावा लागणार होता. सरपंचांना हे अवघड गेले, कारण पाहुणे ठरले होते. तरी ग्रामसभेने २६ जानेवारी ही तारीख मान्य केली. पुढचे सगळे काम या एका निर्णयामुळे शक्य झाले.

प्रत्यक्ष पडताळणी

कागद चार ठिकाणी शोधले. मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. तिथे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे अहवाल आणि तारा इंग्रजीत सापडतात. त्यांत जमावाचे आकडे असतात, नावे बहुधा पुढाऱ्यांचीच. कारागृहाच्या जुन्या नोंदवह्यांसाठी लेखी परवानगी लागली आणि त्यात सर्वांत जास्त वेळ गेला. तिसरे ठिकाण निवृत्तिवेतनाच्या फायली. त्यांत अर्जदाराखेरीज सहबंदी प्रमाणपत्रे, म्हणजे ‘हा आमच्याबरोबर तुरुंगात होता’ असे दाखले, देणाऱ्यांची नावे असतात, ती सहसा कुणी पाहत नाही. चौथे ठिकाण घरातल्या पेट्या. दंडाच्या आणि कोंडवाड्याच्या पावत्या तिथेच मिळाल्या.

वर्तमानपत्रांचा उपयोग मर्यादित झाला. एप्रिल १९३० च्या प्रेस वटहुकुमानंतर अनेक पत्रांनी हात आखडता घेतला होता आणि खेड्यातल्या अटकेला त्यांत एखादी ओळ मिळे.

खरी डोकेदुखी नावे जुळवण्याची. जुन्या नोंदीत आडनाव नसते. ‘महादू वलद (म्हणजे मुलगा) गोविंदा, जात कोकणा, राहणार अमुक’ एवढेच असते, आणि एका गावात असे महादू तीन निघू शकतात. इंग्रजी नोंदीत धोंडूची तीन तऱ्हांची स्पेलिंगे होतात. यासाठी गटाने नियम केला: ओळख पटवायला दोन स्वतंत्र आधार हवेत. एक शिक्षेचा किंवा दंडाचा कागद आणि दुसरा कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर किंवा जमिनीचा जुना फेरफार यांपैकी काहीही. वयाचा ताळाही घ्यायचा. १९३० मध्ये चार वर्षांचा असलेला माणूस सत्याग्रही होऊ शकत नाही. यादीत असे एक नाव होते, ते प्रत्यक्षात बेचाळीसचे निघाले. कोतवाल बुकातली बरीच पाने मोडी लिपीत होती. मोडी वाचणारा माणूस सुरुवातीला जोडलेला नव्हता, त्यामुळे फोटो काढून ठेवलेली पाने दीड महिना तशीच पडून राहिली.

दोन नावे दुबार निघाली. नवसाच्या मुलाला घरात भिका किंवा दगडू म्हणत आणि शाळेत वेगळे नाव घालत. एक घर आजोबांना ‘भिका’ म्हणून ओळखत होते, चुलत घर ‘विठ्ठल’ म्हणून. दोघांनीही खरेच सांगितले होते.

४७ नावांचा हिशोब शेवटी असा लागला. १२ जणांची शिक्षा कागदावर सापडली. ७ जणांना दंड किंवा एक-दोन दिवसांची अटक. ५ जण १९४२ च्या आंदोलनातले. ३ जण काळाराम मंदिर सत्याग्रहातले. २ दुबार. उरलेल्या १८ जणांना फक्त तोंडी आधार. याखेरीज कागदांत गावाची म्हणून शिक्षा झालेली चार अशी नावे मिळाली, जी यादीत नव्हती. चौघेही पाड्यांवरचे.

निर्णयाची अवघड ठिकाणे

काळाराम मंदिराचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला, दांडीयात्रेच्या दहा दिवस आधी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते आणि तो पुढे काही वर्षे चालला. त्यामुळे नाशिक परिसरात ‘तीस सालच्या सत्याग्रहात आजोबा धरले गेले’ एवढ्या वाक्यावरून कोणता सत्याग्रह हे ठरत नाही. वर्ष तेच, शहर तेच, अटकही तशीच. गावातल्या तीन कुटुंबांच्या आजोबांच्या बाबतीत हेच झाले होते. नाव विचारणाऱ्यांनी पुढचा प्रश्न न विचारता त्यांना जंगल सत्याग्रहात टाकले.

काही जण म्हणाले, हा लढा इंग्रजांविरुद्ध नव्हता, नावे काढा. ती काढणे अन्यायाचे झाले असते. जंगल सत्याग्रही म्हणून ती तशीच ठेवणे हाही अन्यायच, कारण त्यांनी कशासाठी लाठ्या खाल्ल्या ते पुसले गेले असते. गटाने तिन्ही कुटुंबांना एकत्र बसवून विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की नाव काळाराम सत्याग्रहाच्याच मथळ्याखाली यावे. ग्रामसभेत यावर तासभर चर्चा झाली आणि त्याच दगडावर वेगळा मथळा देण्याचे ठरले.

दुसरे अवघड ठिकाण माफीचे. शिक्षा झालेल्या १२ जणांपैकी दोघे ‘पुन्हा भाग घेणार नाही’ असे लिहून देऊन लवकर सुटल्याची नोंद मिळाली. ही नोंद कुणाला माहीत नव्हती. नावे गाळावीत का? तारखा पाहिल्या तर दोघेही दसरा-दिवाळीच्या सुमारास सुटलेले. तेव्हा भात काढणीला आलेले असते. घरात करता पुरुष नाही, दंडापायी भांडी जप्त, बैल कोंडवाड्यात आणि कोंडवाड्याचे भाडे दिवसागणिक वाढते. असे लिहून घेणे हे सरकारचे तेव्हाचे ठरलेले हत्यार होते आणि ते बरोबर सुगीच्या तोंडावर उगारले जाई. गटाने नावे ठेवली. मात्र फलकावर कुणाच्याच नावापुढे शिक्षेची मुदत लिहायची नाही असे ठरवले, म्हणजे तुलनाच उरत नाही. नोंदवहीत ही गोष्ट दोन्ही घरांना आधी दाखवून, त्यांच्या संमतीने लिहिली. एका घराने संमती द्यायला वेळ घेतला आणि तो त्यांना द्यायलाच हवा होता.

तिसरे ठिकाण चोरीच्या कलमाचे. दोघांना वन कायद्याखाली शिक्षा नव्हती, भारतीय दंड संहितेच्या ३७९ कलमाखाली, म्हणजे चोरीची होती. साग तोडल्याचा आरोप. हे सत्याग्रही की लाकूडचोर? गटाने तीन गोष्टी पाहिल्या: घटनेची तारीख सामुदायिक कृतीच्या आठवड्यात येते का, खटला इतरांबरोबर चालला का, आणि आरोपींनी बचाव केला का. सत्याग्रही सहसा बचाव करत नसत. तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणून नावे ठेवली. एकच जुळली असती तर ठेवली नसती.

सरकारच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांची नावेही फायलीत मिळाली. ती ना फलकावर गेली, ना नोंदवहीत. आज गावात राहणाऱ्या त्यांच्या नातवंडांचा त्यात काही दोष नाही, आणि या कामासाठी त्या नावांची गरजही नव्हती.

प्रश्न बदलला तेव्हा

पहिल्या यादीत एकही बाई नव्हती. कागदांतही नव्हती. विचारणारे ‘तुमच्या घरातून सत्याग्रहात कोण होतं?’ असे विचारत होते आणि उत्तरात आजोबा येत होते. गटाने प्रश्नांचा एक कागद तयार केला. त्या दिवशी विळा कुणाच्या हातात होता? कापलेले भारे डोक्यावर कुणी आणले? आत असलेल्यांच्या घरची पेरणी-काढणी कुणी केली? कोंडवाड्यातून गुरे कुणी सोडवून आणली, पैसे कुठून आले? हे प्रश्न घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांना, पुरुष मंडळी समोर नसताना विचारले. सहा स्त्रियांची नावे, कामासकट, मिळाली. त्यातल्या दोघींनी गवत कापले होते, एकीने भारा टाकायला नकार दिला होता. सहाही जणींना कागद नाही, म्हणून त्यांची नावे नोंदवहीत गेली. पण फलकाच्या पहिल्या ओळीत ‘गावातील व पाड्यांवरील स्त्री-पुरुषांनी’ हे शब्द आले ते या मुलाखतींमुळेच.

पाड्यांवर जाताना बाहेरच्या माणसाने वही उघडून बसू नये. पहिल्या भेटीत जंगल खात्याचे लोक आले असे समजून कुणी बोलले नाही. वनहक्काच्या दाव्यांच्या चौकश्या लोकांनी पाहिलेल्या आहेत. पाड्यावरच्याच अंगणवाडीताईंना बरोबर घेतल्यावर बोलणे सुरू झाले.

फलक

दगड काळा ग्रॅनाइट, पाच फूट उंच, तीन फूट रुंद. सँडब्लास्टिंगने सुमारे दोन मिलिमीटर खोल अक्षरे, नावांची अक्षरे २० मिलिमीटर उंच, दोन ओळींतले अंतर ३५ मिलिमीटर. जंगल सत्याग्रहाची २३ नावे दोन रकान्यांत, खाली १९४२ ची ५, खाली काळाराम सत्याग्रहाची ३. क्रम आडनावाच्या अकारविल्ह्यानुसार. आडनाव न पटलेल्यांची नावे कागदात जशी आहेत तशी, ‘वलद’सकट. मानाचा, वयाचा, शिक्षेचा असा कुठलाही क्रम लावला नाही.

कोरण्याआधी मजकुराची पूर्ण आकाराची छापील प्रत पंधरा दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. सहा चुका सापडल्या. बहुतेक ‘ळ’ आणि ‘ल’च्या, एक वडिलांच्या नावाची. दगडावर चूक झाली तर ती भरून पुन्हा कोरावी लागते आणि डाग कायम दिसतो. ही छापील प्रत लावणे कुणीही टाळू नये.

निष्पत्ती

२६ जानेवारीला फलक उभा राहिला. दोन कुटुंबे कार्यक्रमाला आली नाहीत. त्यांच्या आजोबांची नावे तोंडी आधाराच्या १८ मध्ये होती. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. नोंदवहीत १८ पुरुष आणि ६ स्त्रिया अशा २४ नोंदी झाल्या, प्रत्येकीत सांगणाऱ्याचे नाव, नाते, तारीख आणि सांगितलेली हकिकत. पुढच्या वर्षभरात त्यांतल्या चौघांना कागद मिळाला: दोघांच्या कोंडवाड्याच्या पावत्या, दोघांची नावे शेजारच्या तालुक्यातल्या एका निवृत्तिवेतन फायलीतल्या सहबंदी प्रमाणपत्रात. चारही नावे कोऱ्या भागात कोरली गेली. न आलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाचे नाव त्यात आहे.

काय वेगळे करता आले असते

पाड्यांपासून सुरुवात करायला हवी होती. गावठाणाची यादी आधी झाली आणि पाडे नंतर जोडले गेले, ही मूळ अन्यायाचीच पुनरावृत्ती होती. ती पुढे दुरुस्त झाली, पण काही वृद्धांच्या मुलाखती त्या अवधीत राहून गेल्या. मोडी वाचक पहिल्या आठवड्यात हवा. कारागृहाच्या परवानगीचा अर्ज पहिल्या दिवशी टाकावा, कारण बाकी सगळे काम तिची वाट पाहताना करता येते.

तोंडी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण केले, पण संमतिपत्र फक्त लिखित नोंदीचे घेतले होते. त्यामुळे ध्वनिफिती आज शाळेत ऐकवता येत नाहीत. संमतिपत्रावर तीन वेगळे रकाने हवेत: नोंदवहीत लिहिणे, आवाज जपणे, आवाज लोकांना ऐकवणे.

घरच्या पावत्या पाहताक्षणी फोटो घ्यावा आणि मूळ कागद घरच्यांकडेच ठेवावा. एका कुटुंबाने पावती फलकामागे काचेत लावायला दिली होती. उन्हाने तिची शाई उडू लागल्यावर ती काढून परत केली. आता तिथे छापील प्रत आहे. नोंदवहीची दुसरी हस्तलिखित प्रत अजून झालेली नाही. ती तालुक्याच्या वाचनालयात ठेवायची आहे आणि हे काम पुढच्या शाळेच्या सत्रात आठवीच्या वर्गाकडे द्यायचे ठरले आहे.